न पांघरलेली शाल

मी एक जुनी शाल आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिने पुष्कळ हिवाळे पाहिले असतील, कुणा आजारी माणसाला ऊब दिली असेल, एखादे तान्हे मूल हिच्यात निजले असेल. तसे काहीच घडले नाही. माझ्या आयुष्याची पहिली नऊ वर्षे मला कोणी पांघरलेच नाही. मी सत्काराची शाल आहे. सत्काराच्या शालीला खांदा मिळतो तो फार तर एक मिनिट, फोटो निघेपर्यंत.

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बोलता बोलता मी इकडची तिकडे गेले तर रागावू नका. नऊ वर्षे घडीत काढली असती, तर तुमचेही असेच झाले असते.

माझा जन्म पानिपतच्या एका कारखान्यात झाला. विटकरी रंग, काठाला सोनेरी वेलबुट्टी आणि दोन्ही टोकांना गोंडे. माझ्यात लोकर किती आणि इतर धागा किती, ते विचारू नका, मलाही ते नीट ठाऊक नाही. माझ्यासारख्याच पुष्कळ बहिणींबरोबर मी गठ्ठ्यात बांधली गेले आणि ट्रकने जळगावला आले. तिथे फुले मार्केटमध्ये रतिलाल शेठचे दुकान होते. शाली, टोप्या, मानचिन्हे, फेटे, सगळा सत्काराचा माल एका छताखाली. शेठने मला एका पुठ्ठ्याभोवती गुंडाळले, वर चकचकीत प्लास्टिकची पिशवी चढवली आणि फळीवर उभे केले.

गिऱ्हाईक यायचे, बोटाने पिशवीवर टिचकी मारायचे आणि विचारायचे, "फोटोत उठून दिसेल ना?" ऊब आहे का, असे कोणी विचारले नाही. मला तेव्हाच जरा खटकले होते. पण नवी नवी होते, वाटले, घरी नेल्यावर पांघरतील.

पहिला सत्कार पिंपळनेरला झाला, एका गुरुजींच्या निवृत्तीचा. टाळ्या वाजल्या, मी त्यांच्या खांद्यावर गेले, गोंडे आनंदाने हलले. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोने मला हातात घेतले, माझ्यावरून हात फिरवला आणि पुन्हा त्याच पिशवीत, त्याच पुठ्ठ्याभोवती घडी घालून ठेवले. "देण्याघेण्याला होईल," त्या म्हणाल्या. मित्रांनो, हे दोन शब्द मी पुढे इतक्या घरांत ऐकले की कपाटाची कडी वाजली, की ते आपोआप माझ्या कानात घुमत.

पिंपळनेरहून मी साक्रीला गेले, साक्रीहून धुळ्याला एका लग्नात, तिथून शिरपूरला एका वकिलांकडे, पुन्हा धुळ्याला, मग पारोळा, एरंडोल. एसटीच्या रॅकवरून, डिकीतून, कुणाच्या मांडीवरून. एकदा तर धुळ्याच्या एका बाईंनी मला ज्यांच्याकडे दिले, त्यांच्याकडून दीड वर्षाने मी पुन्हा त्याच बाईंच्या हातात आले. कोपऱ्यावरचा हळदीचा ठिपका पाहून त्यांनी मला ओळखले. मुकाट्याने मला पुन्हा कपाटात ठेवले. सगळीकडे तेच लोखंडी कपाट आणि त्याच डांबराच्या गोळ्या. बाहेर थंडी पडली आहे, हे मला कपाटाचे पत्रे गार लागले की कळायचे. आत मी जाडजूड पडलेली आणि बाहेर कोणीतरी कुडकुडत खोकते आहे. अशा वेळी मला घडीत धड पडवत नसे. उघडा ना मला, असे ओरडावेसे वाटे.

सत्कारांमध्ये मला लेखकांचे कार्यक्रम जास्त आवडत. टेबलावर पुस्तकांची चळत असे, लेखक पेनाचे टोपण काढून सह्या करत. पण तिथेही माझ्या वाट्याला अर्धेच येई. कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो, आधी सत्कार, मग भाषण. म्हणजे लेखक बोलायला उभे राहतात, तेव्हा मी पिशवीत जाऊन खुर्चीखाली पडलेली असते. धुळ्याच्या एका वाचनालयात एक लेखक सांगत होते, "त्या दिवशी माझी आजी विहिरीजवळ गेली आणि..." तेवढ्यात कोणीतरी मी होते त्या बॅगेची चेन लावली. ती आजी विहिरीजवळ का गेली, पुढे काय झाले, मला आजवर कळलेले नाही. कितीतरी रात्री मी त्या आजीचाच विचार केला आहे. एकदा, फक्त एकदा, लेखकाचे बोलणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, एवढी एकच इच्छा माझ्या मनात राहिली.

अशी फिरत फिरत मी नशिराबादच्या कौतिक नानांकडे आले. नाना निवृत्त मुख्याध्यापक आणि गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. दर जानेवारीत ते शाळेच्या पटांगणावर तीन दिवसांची पुस्तकजत्रा भरवत. गावातले लोक वर्गणी काढत, बाया घराघरांतून सतरंज्या आणत, जळगाव-भुसावळचे पुस्तकवाले येऊन टेबले मांडत. रोज संध्याकाळी एक लेखक बोलायला येई, मग सह्या. नाना मोठे भले माणूस. त्यांच्यात एकच खोड होती. पटांगणात आलेला कोणीही माणूस सत्काराशिवाय परत जाता कामा नये.

त्याचे कारणही होते. नाना तरुण असताना वाचनालयाला छप्पर नव्हते. कुणी पत्रे दिले, कुणी लाकूड दिले, कुणी नुसते अंगावर घेऊन काम केले. त्यातल्या एकाचे नाव एका कार्यक्रमात घ्यायचे राहून गेले, तो माणूस रुसला आणि मरेपर्यंत वाचनालयाची पायरी चढला नाही. ते नानांच्या मनाला फार लागले होते. तेव्हापासून खिशात यादी असे आणि यादी कार्यक्रम चालू असतानाच लांबत जाई.

यंदा पहिल्या दोन दिवसांतच सगळ्या शाली संपल्या. तिसऱ्या दिवशी, समारोपाला, नानांच्या कपाटातून मला काढले. मी एकटीच उरले होते.

त्या दिवशी बोलायला यायची होती संघमित्रा. भुसावळच्या एका दवाखान्यात ती परिचारिका आहे, राहते दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राजवळच्या वस्तीत. तिचे पहिलेच पुस्तक निघाले होते, वस्तीतल्या माणसांवरचे. भाषणही पहिलेच. मला मंचामागे एका बाकावर ठेवले होते आणि तिथेच ती वाचनालयाच्या ग्रंथपाल दिपमालाबाईंशी बोलत उभी होती, म्हणून सगळे माझ्या कानावर पडले. तिच्या हातात पुस्तक होते आणि एका पानात एसटीचे तिकीट खूण म्हणून घातलेले.

तिचे वडील यादवबाबा पुढच्या रांगेत बसले होते. केंद्रात कोळशाच्या कामावर कंत्राटी कामगार म्हणून त्यांचे उभे आयुष्य गेले. आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. संघमित्राची आई केसरबाई दोन वर्षांपूर्वी वारली. पुस्तकात एक प्रकरण आईवर आहे. ते संघमित्राने घरी वाचून दाखवायला घेतले, तर यादवबाबांनी हात वर करून थांबवले. म्हणाले, घरात नको. चार भिंतींत ऐकले तर मी मोडून पडेन. तिच्याबद्दल चार माणसांत वाचशील, तेव्हा चार माणसांत बसून ऐकेन. तेव्हापासून सात महिने ते पुस्तक उशाशी घेऊन झोपत होते, पण एक ओळ त्यांनी ऐकली नव्हती.

"दुसरं काही नाही बोलले तरी चालेल, ताई," संघमित्रा दिपमालाबाईंना म्हणाली. "तेवढं प्रकरण वाचायचं आहे. पंधरा मिनिटं लागतात."

दिपमालाबाई म्हणाल्या, पाच ते सहा तुझाच वेळ आहे, काळजी करू नको. पण सहाच्या पुढे जाता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. पटांगणाच्या भिंतीला लागूनच एका घरी हळद होती. सहाला डीजे सुरू होणार होता आणि तो सुरू झाला की इथे माईकवर कोणी काय बोलते, ते बोलणाऱ्यालाही ऐकू येणार नव्हते.

साडेचारला कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालन नवल सरांकडे होते. पहिला सत्कार माजी सरपंचांचा. मला पिशवीतून काढले, खांद्यावर टाकले, फोटो झाला, आणि दिपमालाबाईंनी मंचाच्या कडेला जाऊन हळूच माजी सरपंचांकडून मला परत घेतले. त्यांनीही हसून दिले. मी चकित झाले. मग पुढचे नाव पुकारले गेले, मंडपवाल्यांचे, आणि पुन्हा मीच त्यांच्या खांद्यावर.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. नानांनी दिपमालाबाईंना सांगून ठेवले होते की घरचीच माणसे आहेत, तीच शाल फिरवा. आणि घरच्या माणसांनाही हे पाठ होते. फोटो झाला की शाल परत द्यायची, रुसायचे नाही. रुसायचे ते नाव राहिले तर.

आयुष्यात मी पुष्कळ फिरले, पण एका तासात एवढी कधी फिरले नव्हते. टिळा, टोपी, मी, नारळ, फोटो. कुणाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. मग सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे. एकाचेही दोन शब्दांत भागले नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या भाऊंनी तर पहिल्या नेमणुकीपासून सुरुवात केली. शाळेच्या व्हरांड्यावर मोठे घड्याळ होते. मंचावरून ते मला समोर दिसे आणि मंचामागे नेले की दिसेनासे होई. दर वेळी पुन्हा दिसे, तेव्हा काटा पुढे गेलेला असे.

पाच वाजले. पाच दहा झाले.

संघमित्रा मंचावर टोकाच्या खुर्चीत बसली होती. पुस्तक मांडीवर, बोट त्या तिकिटावर. ती हसत होती, टाळ्याही वाजवत होती, पण दर टाळीनंतर तिची नजर घड्याळाकडे जात होती. खाली यादवबाबा मान थोडी वर करून बसले होते, ज्यांना दिसत नाही ती माणसे बसतात तशी. दर नाव पुकारले की त्यांना वाटे आता लेकीचे आले. ते सावरून बसत. मग दुसऱ्याचे नाव निघे.

पाचवा सत्कार रुपचंद आबांचा होता. आबा धुळ्याहून पुस्तकांचे दुकान घेऊन आले होते. त्यांना इथली रीत ठाऊक नव्हती. शाल खांद्यावर पडताच त्यांनी मला नीट ओढून घेतले, मंचावरून उतरले आणि थेट आपल्या पुस्तकांच्या टेबलाकडे निघाले. दिपमालाबाई पदर सावरत मागे धावल्या आणि ओशाळून म्हणाल्या, आबा, ती शाल जरा द्याल का.

आबा वळले. दिलेली शाल परत का मागतात, हे त्यांना कळेना. "माले दिधी ना व बेटी? मंग परत काब्र मांगस? थंडी कितली शे."

खरे सांगते, त्या क्षणी मी आबांच्या मानेला चिकटून बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी थंडीचे नाव काढले होते. पण दिपमालाबाईंचा चेहरा इतका पडला होता, की आबांना काय ते उमगले. त्यांनी मला काढून दिले, वर दिपमालाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. यात पाच मिनिटे गेली.

सहाव्या सत्काराला तर माझ्याच हातून घोटाळा झाला. ज्यांनी चहापाण्याचा भार उचलला होता, त्या गृहस्थांच्या छातीवरच्या बिल्ल्यात माझा गोंडा अडकला. सोडवायला तिघे जमले. ओढले तर उसवेन, कापायला कात्री नाही. मी जीव मुठीत धरून घड्याळाकडे पाहत होते. गोंडा सुटला तेव्हा पाच पस्तीस झाले होते. त्या मुलीची आणखी चार मिनिटे मी खाल्ली होती. मित्रांनो, शाल म्हणून जन्माला आल्याची मला त्या दिवशी लाज वाटली. मी माणसांचा मान वाढवते असे नऊ वर्षे ऐकत आले होते आणि इथे मी एका आंधळ्या बापाच्या आणि त्याच्या लेकीच्या मध्ये आडवी पडले होते.

सूर्य शाळेच्या कौलांमागे गेला. पटांगणात एकदम गारठा उतरला. यादवबाबांना खोकला लागला. कोळशात काम केलेल्या माणसाचा खोकला तो, सुरू झाला की लवकर थांबत नाही. शेजारच्याने पाणी दिले. त्यांनी दोन्ही हात काखेत घातले आणि पुन्हा मान वर करून बसले.

सातवा सत्कार झाला आणि नवल सरांनी संघमित्राचे नाव घेतले. पण भाषणासाठी नव्हे, सत्कारासाठी. तिच्यानंतर यादीत आणखी दोन नावे होती. नाना मला हातात घेऊन पुढे आले. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. घड्याळात पाच बेचाळीस.

संघमित्रा उठली. तिने वाकून नानांना नमस्कार केला आणि मग माझ्याकडे हात पुढे केला, नानांच्या हातातून मला घेतलेच.

"नाना, माझा सत्कार झाला असं समजा," ती म्हणाली. माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेले. "तेवढा वेळ मला वाचायला द्या. माझे बाबा एक प्रकरण ऐकायला आलेत. सात महिने थांबलेत ते."

नानांच्या हातात नुसता नारळ राहिला. आणि ती मला घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरली.

तिने काय केले सांगू? माझी घडी उलगडली. पूर्ण. दोन पदर, चार पदर नव्हे, सबंध. पुठ्ठ्याच्या रेषेवर माझ्या अंगाला पडलेला चर नऊ वर्षांत पहिल्यांदा उघडला. तिने मला यादवबाबांच्या पाठीवरून घेऊन छातीवर आणले आणि टोक मानेशी खोचले. फोटोवाला म्हणाला, मॅडम, इकडे बघा. तिने पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही.

यादवबाबांनी मला चाचपले. त्यांची बोटे खरखरीत होती, माझे धागे त्यांना अडकत होते. किती बरे वाटले ते सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "वाच तू. मी ऐकू राह्यलो."

ती मंचावर गेली आणि वाचू लागली. मी त्यांच्या छातीवर होते, म्हणून मला दोन आवाज ऐकू येत होते, एक माईकमधून तिचा आणि एक आतून त्यांच्या श्वासाचा.

ती दोन पाने वाचते न वाचते, तोच भिंतीपलीकडे डीजेवाल्याने आवाज तपासायला सुरुवात केली. एक ठोका असा पडला की खुर्च्यांचे पत्रे थरथरले. संघमित्रा थांबली. झाले, आता हेही अर्धेच राहणार, मला वाटले, ती विहिरीजवळची आजी आणि आता ही आई.

तेव्हा मी नानांना पळताना पाहिले. सत्तरी उलटलेला माणूस, डोक्यावर टोपी, हातात तो नारळ, धोतर सावरत पटांगणाच्या फाटकातून बाहेर. ते हळदीच्या घरी गेले. तिथे काय झाले ते नंतर कळले. नवरीची आजी बेबाबाई ओट्यावर बसली होती. नानांनी तिला हात जोडले, आमच्याकडे एक लेक आपल्या आईवर लिहिलेले वाचते आहे, सव्वासहापर्यंत थांबा म्हणाले. आणि सवयीने पुढे हेही म्हणाले, की अक्का, तुमचा सत्कार करतो. हातात नारळ होताच, तो तिथल्या तिथे तिला दिला. बेबाबाईने डीजेवाल्याला हाक मारून सांगितले, बंद ठेव रे.

इकडे नवल सर पुढचे नाव पुकारायला माईककडे सरकले होते. दिपमालाबाईंनी त्यांच्या हातातली यादी काढून घेतली, घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. मला नऊ वर्षे घड्या घातल्या गेल्या, पण घडी घालण्याचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

ठोके थांबले आणि संघमित्रा पुन्हा वाचू लागली.

"आमच्या घरात एकच चादर होती. बाबा रात्रपाळीहून सुटायचे, तेव्हा आई राखेच्या विटा पाडायच्या कामावर निघालेली असायची. दोघांची भेट गेटजवळ व्हायची. आई अंगावरची चादर काढून बाबांच्या खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, गरम आहे, लवकर घरी जा. आणि स्वतः तशीच पुढे जायची. संध्याकाळी उलट व्हायचं. ती कामावरून यायची, ते कामावर निघायचे, आणि त्यांच्या अंगावरची चादर तिच्या अंगावर यायची. मी आईचं बोट धरून उभी असायची. आमच्याकडे चादर एकच होती, पण ती कधी गार पडली नाही."

माझा धागा न् धागा ताठ झाला. म्हणजे माझ्यासारखीच एक होती. तीही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरत होती. मीही त्या दिवशी सात खांद्यांवर फिरले, पण एकालाही ऊब दिली नाही. फिरण्यात काही वाईट नव्हते तर. माझे आयुष्य वाया गेले ते फिरण्याने नव्हे.

यादवबाबांचा श्वास अडकला. त्यांनी मला दोन्ही मुठींत घट्ट धरले. मला वाटले आता खोकला येणार. खोकला आला नाही. ते बोलले, मोठ्याने नाही, पण पटांगण इतके शांत होते की मागच्या रांगेलाही ऐकू गेले.

"तिचे हात मात्र गार राह्यचे."

संघमित्राने पुस्तकातून मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हते. तिने लिहिले होते ते लहान मुलीने पाहिलेले होते. चादर देताना हाताला हात लागतो, तो कसा लागतो, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक असणार. मग तिने डोळे पुसले आणि प्रकरण शेवटपर्यंत वाचले. शेवटच्या ओळीपर्यंत मी ऐकले, मित्रांनो. पहिल्यांदा ऐकले. नाना मघाच परत येऊन सर्वांत मागे, सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

बरोबर सव्वासहाला डीजे लागला. आता कुणाचा आवाज कुणाला ऐकू येईना. सह्यांसाठी रांग लागली होती, पण नाव सांगायला कानात ओरडावे लागे. मग दिपमालाबाईंनी कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या. ज्याने त्याने आपले नाव चिठ्ठीवर लिहून पुढे करायचे आणि संघमित्राने ते पाहून पुस्तकावर लिहायचे.

पहिले पुस्तक तिने यादवबाबांचे घेतले, उशाशी ठेवून ठेवून कोपरे दुमडलेले. सही केली नाही. ते चादरीचे पान काढले आणि शेवटच्या ओळीखाली लिहिले, "तिचे हात मात्र गार राह्यचे." मग बाबांच्या बोटांत पेन दिले आणि त्यांचा हात त्या ओळीखाली आणून ठेवला. त्यांना काय करायचे ते कळले. हजेरीच्या मस्टरवर करत, तशी त्यांनी सावकाश सही केली. ती थोडी तिरकी गेली आणि पानाच्या कडेपर्यंत पोहोचली.

रांगेत दुसरे रुपचंद आबा होते. त्यांनी हे पाहिले. त्यांनी आपल्या चिठ्ठीवरचे नाव खोडले, पुस्तकाचे तेच पान उघडले आणि त्या जागेवर बोट ठेवले. त्यांच्या मागच्या बाईनेही तसेच केले. त्या संध्याकाळी संघमित्राने प्रत्येक पुस्तकात ती ओळ हाताने लिहून दिली आणि खाली बापाने सही केली. सगळ्यांचे होईपर्यंत त्यांचा हात दुखून आला असेल, पण त्यांनी पेन खाली ठेवले नाही.

निघताना दिपमालाबाई जवळ आल्या. यादवबाबा मला काढू लागले. त्यांना मघापासून ऐकून रीत कळली होती. दिपमालाबाईंनी त्यांचे हात धरले आणि मला पुन्हा नीट त्यांच्या खांद्यावर ओढले. डीजे चालू होता, त्या काय बोलल्या ते त्यांना ऐकू गेले नसेल. मला ऐकू आले. त्या म्हणाल्या, "राहू द्या काका. गार पडेल."

तेव्हापासून मी दीपनगरला आहे. ऐकते की नाना पुढच्या वर्षासाठी पुन्हा शाली आणणार आहेत. माणसाची सवय एवढ्यात सुटत नाही. मात्र यादी आता लेखक बोलून झाल्यावर काढायची, असे ठरले आहे म्हणतात. माझे गोंडे झडले आहेत, सोनेरी वेल काळवंडली आहे, एका कोपऱ्याला चहा सांडला आहे. अंगाला राख बसते, धुतली तरी पुन्हा बसते. मी आता खऱ्या अर्थाने जुनी झाले. मला बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात माझी एखादी बहीण पिशवीत बसली असेल. तिला घुसमटू देऊ नका, आज बाहेर काढा आणि ज्याला थंडी वाजते त्याच्या अंगावर घाला. आणि कोणी माणूस दूरवरून आपले मनातले वाचायला तुमच्या गावी आला, तर त्याला शाल देण्याआधी त्याचे ऐका. शाल थांबू शकते. मी नऊ वर्षे थांबले, मला काही झाले नाही. पण ऐकायला आलेल्या माणसाकडे तेवढा वेळ असतोच असे नाही.

मला अजून एका जागी बसवत नाही. सकाळी यादवबाबा मला पांघरून काठी टेकत गेटपर्यंत जातात, पाळी सुटते त्या वेळी. तिथे थोडे थांबतात. समोरून कोणी येणार नसते, हे त्यांना माहीत असते. मग घरी येतात. संघमित्रा दवाखान्यात जायच्या आधी तासभर खिडकीपाशी लिहीत बसलेली असते. ते मला काढतात आणि तिच्या खांद्यावर टाकतात.

"गरम आहे," म्हणतात.